अण्णांच्या हातची फंक्शनं

पुरुषोत्तमअण्णा दुसऱ्याच्या हातचं काही खायचे नाहीत. धारवाडच्या वसतिगृहात एकदा पोट बिघडलं, तेव्हापासून स्वतःच रांधायचे आणि आमच्या यशवंतपूरच्या कारखान्यात खिडकीकडे तोंड करून एकटेच जेवायचे. मी रोज डबा पुढे करायचे, ते रोज मान हलवायचे. कसला हट्टी माणूस!

प्रोग्रामचंही तेच. आम्ही शीतगृहांचं तापमान सांभाळणाऱ्या छोट्या पेट्या बनवायचो. एका तारेवर चाळीस पेट्या एकमेकींशी बोलायच्या. प्रत्येकीतल्या चिपमध्ये ठरावीक वेळ थांबणं, भागाकार करणं अशी छोटी कामं करणारी फंक्शनं चिप बनवणाऱ्या कंपनीनं आधीच भरून दिलेली असायची. नुसतं नाव लिहिलं की काम झालं. अण्णा मात्र सगळं स्वतः लिहायचे.

१९९६च्या मे महिन्यात त्यांचा प्रोग्राम चिपमध्ये मावेना. नव्वद बाइट जास्त! गुरुवारी गिऱ्हाईक पेटी तपासायला येणार होतं. चालली नाही तर अण्णांना घरी पाठवीन, असं साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं. बेळगावची पक्की नोकरी सोडून पंचेचाळिसाव्या वर्षी इथे आलेला माणूस, जाणार कुठे?

माझं डोकंच फिरलं. "अण्णा, तयार फंक्शनं आत बसलीत, वेगळी जागाही खात नाहीत. वापरा की!"

"कुणी लिहिलीत, कशी लिहिलीत, ठाऊक आहे तुला?"

"मग तपासून बघा!"

"सरी," कानडीत 'बरं' म्हणाले आणि खरंच बसले. दोन दिवस एकेक आकडा आधी स्वतःच्या फंक्शनला द्यायचे, मग तयार फंक्शनला, आणि उत्तरं वहीत शेजारी शेजारी मांडायचे. मला वाटलं, झालं, गेली यांची नोकरी.

बुधवारी दुपारी हाक आली. "शुभदा, हे बघ." उणे अठराचे निम्मे तयार फंक्शननं उणे नऊ सांगितले होते. अण्णांच्या फंक्शननं एकशे एकोणीस! आमच्या टेबलावर शून्याखालचं तापमान कधी आलंच नव्हतं, म्हणून चूक कुणाला दिसली नव्हती. अण्णांचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं. त्यांनी लाल पेन काढलं आणि वहीतली स्वतःच्या फंक्शनांची सहा पानं एकेक करून खोडली.

प्रोग्राम मावला. गुरुवारी पेटी गिऱ्हाइकासमोर शून्याखालीही बिनचूक चालली. साहेब अण्णांच्या पाठीवर थाप मारून गेले.

जेवायच्या सुट्टीत अण्णा खिडकी सोडून माझ्यासमोर येऊन बसले. माझा डबा पुढे ओढला, पोळीचा तुकडा मोडला, भाजीला लावून खाल्ला. सगळे हात थांबवून बघत होते.

"मीठ स्वल्प कमी आहे," म्हणाले आणि दुसरी पोळी घेतली.