काळूच्या वाटचा शिरा

मंडळी, चहा घ्या, निवेल. मात्र माझे ऐकून घोट घशाखाली उतरला नाही, तर दोष देऊ नका. पोथीपुढे आयुष्य काढलेल्या माणसाच्या हातून असे काही घडावे? घडले!

आमच्या अमरावतीच्या घरी काळू नावाचा कुत्रा आहे. त्याला लस टोचताना जनावरांच्या डॉक्टरांनी बजावले होते, "उंदराचं औषध, फवारणीचं औषध, चॉकलेट, कांदा, द्राक्षं याच्या तोंडी लागू देऊ नका. लागलंच, तर घरी उलटी करवत बसू नका. जे खाल्लं त्याचं पाकीट घेऊन थेट माझ्याकडे या."

मग काय विचारता! अनुष्ठानाला बसावे तशा निष्ठेने मी तयारीला लागलो. संत्र्याच्या बागेचे फवारणीचे डबे आणि उंदराच्या औषधाची पाकिटे कुलपात गेली. डॉक्टरांचा नंबर मी देवघराच्या दारावर शेंदराने लिहिला. घरात द्राक्ष येणे बंद झाले.

आमची सूनबाई वर्षा म्हणाली, "बाबा, एवढी काळजी तर तुमी आईच्या बीपीचीही नाही घेत!"

पौर्णिमेला सत्यनारायण झाला. काळू आरती संपेपर्यंत उंबऱ्याशी स्थिर बसून होता. हा भाव पाहून कोणाचे अंतःकरण द्रवणार नाही? साजूक तुपातला शिरा, त्यात माझ्याच सढळ हाताने घातलेले बेदाणे! मी त्याला द्रोण भरून दिला. त्याने शेपटी हलवली. मी आणखी दिला.

संध्याकाळी काळू ओकू लागला. पाय लटपटले, मान टाकली.

"वर्षा, धाव! कोणीतरी विष घातले!"

"कोन घालन बाबा?"

कोण म्हणजे? शेजारचे साहेबराव! काळूच्या भुंकण्यावरून ते नुकतेच माझ्याशी कडाक्याचे भांडले होते. मी सोवळ्यानिशी कुंपण गाठले.

"साहेबराव, मुक्या जीवाला विष घालताना तुमचा हात कापला नाही?"

"काकाजी, डोकं ठिकान्यावर हाय का? मी कावून घालू?"

"मग तो मरून कावून राहिला?" संतापात माझी शुद्ध भाषाही सुटली.

"मले काय माईत? गाडी काढतो, बसा अगोदर!"

त्यांनी खरोखरच गाडी काढली. वर्षाच्या मांडीवर काळू, माझ्या कुशीत कुलपातले सगळे डबे आणि पाकिटे. वाटेत मी नामस्मरण करीत होतो, आणि मधूनमधून साहेबरावांच्या मानेकडे जळजळीत पाहत होतो.

"काय खाल्लं?" डॉक्टरांनी विचारले.

"उंदराचे औषध!" मी ठणकावून सांगितले. जणू डोळ्यांनी पाहिले होते!

त्यांनी त्यावरचे इंजेक्शन दिले. काळूचे ओकणे थांबेना. अखेर डॉक्टर ती ओकारी निरखून म्हणाले, "आजोबा, आज याला घरातलं काय दिलं होतं?"

"काही नाही. फक्त प्रसाद."

"कसला?"

"सत्यनारायणाचा शिरा."

"बेदाणे घातलेला?"

"अहो, बेदाण्यांवाचून प्रसाद होतो का?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "आजोबा, बेदाणा म्हणजे वाळलेलं द्राक्षच ना?"

काय सांगू! देवापुढे ठेवलेली वस्तू कोणाला बाधू शकेल, हा विचार जन्मभर माझ्या मनाला शिवलाच नव्हता.

"मूत्रपिंडावर येतं हे," डॉक्टर म्हणाले. "उंदराच्या औषधापायी वेळ गेला. सलाईन लावतो. लघवी झाली तर आशा."

काळू टेबलावर निपचित पडला होता. मी जवळ गेलो, तर त्याने माझी बोटे चाटली. तूप लागलेले असावे. मला तिथे उभे राहवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या फरशीवर काळूने धार सोडली, आणि मंडळी, मी त्या धारेला हात जोडले! जीव वाचला. मूत्रपिंडे मात्र आता जन्मभर अधू राहणार, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

साहेबराव गाडी घेऊन न्यायला आले होते. मी मान खाली घालून म्हणालो, "क्षमा करा. तुमच्यावर नाही तो आळ घेतला."

"जाऊ द्या ना काकाजी," ते काळूला अलगद उचलत म्हणाले. "मनात असतं तरी मले जमलं नसतं. हा दुसऱ्या कोनाच्या हातचं खाते का? फक्त तुमच्याच हातचं खाते."