म्हशीच्या गोष्टीला हसणारे लोक

आमच्या ह्यांच्याकडे एकच विनोदी गोष्ट होती. रेल्वेत नवे इंजिनिअर असताना उत्तरेकडच्या बख्शी का तालाब स्टेशनच्या बाजूला रुळांवर एक म्हैस बसलेली त्यांना दिसली. ह्यांनी तिला मराठीत "ऊठ" म्हटलं, ती ढिम्म. रुळांवर काम करणाऱ्या एकाने हिंदीत दटावलं, ती उठली. "तेव्हा कळलं," इथे हे जरा थांबत, "म्हैस हिंदी मीडियमची आहे!"

एवढीच गोष्ट. पण हे साहेब झाले आणि तिचं नशीब उघडलं. दिवाळीला सगळं ऑफिस आमच्या बंगल्यावर जमायचं आणि म्हैस रुळांवर बसायच्या आतच लोक हसायला लागायचे. कुणी पोट धरायचं, कुणी डोळे पुसायचं. बायका आपापल्या नवऱ्याच्या हुद्द्याप्रमाणे हसायच्या; ज्याचं प्रमोशन अडलेलं, त्याची सगळ्यांत जास्त. मला काही केल्या हसू यायचं नाही, म्हणून म्हैस निघाली की मी करंज्या आणायला आत जायचे. हे मात्र फुलून जायचे. आपण भारी विनोदी आहोत, अशी त्यांची खात्रीच होऊन बसली.

मग हे रिटायर झाले आणि आम्ही इंदिरा नगरच्या घरात राहायला आलो. दिवाळीला दोन-तीन फोन आले, तेही लवकर आटोपले. हे बाल्कनीत पेपर धरून बसू लागले. जेवताना "मीठ कमी आहे" याखेरीज शब्द नाही. बीपी वाढलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "सर, थोड़ा हँसा कीजिए. लोगों में बैठा कीजिए." गोळ्या हे रोज विसरतात, पण हसायची ऑर्डर मात्र लगेच अमलात आली.

कॉलनीच्या पार्कात सकाळी हास्य क्लब भरतो. हे इस्त्री केलेला ट्रॅकसूट घालून हजर. हात वर करून हा-हा-हा, टाळ्या, मग हो-हो-हो. का हसतोय, ते विचारायचं नाही. ह्यांना याचा दांडगा अनुभव होता म्हणा, फक्त दुसऱ्या बाजूने.

एकदा मी बाकावर बसले होते. मधल्या विश्रांतीत ह्यांनी घसा साफ केला आणि म्हैस काढली. शेवटचं वाक्य टाकून हे थांबले. आत्तापर्यंत कारण नसताना आभाळाकडे बघून खदखदणारी ती सगळी माणसं गंभीर चेहऱ्याने ह्यांच्याकडे बघत राहिली.

एका आजोबांनी काळजीने विचारलं, "फिर क्या हुआ, भाईसाहब?"

"फिर? फिर... भैंस उठ गई."

"अच्छा! चलिए, अच्छा हुआ."

आणि मंडळी पुढचा व्यायाम म्हणून जिभा बाहेर काढून सिंहासारखं हसायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून हे पार्कात गेले नाहीत. पहिल्यांदा मला, खोटं कशाला बोलू, मजा वाटली. पण मग मिठाबद्दलही बोलेनासे झाले, तेव्हा मात्र मी घाबरले. समोर बसलेला माणूस रोज थोडा थोडा कमी होत चालला होता.

एका संध्याकाळी मी मेथी निवडत होते. हे समोर येऊन बसले.

"अगं, खरं सांग. ती म्हशीची गोष्ट... हसण्यासारखी आहे का?"

"नाही."

"पूर्वी होती?"

"कधीच नव्हती."

"मग ते सगळे इतकी वर्षं हसत होते ते?"

"अहो, त्यांच्या प्रमोशनसाठीचे सी.आर. कोण लिहीत होतं?"

ह्यांनी जुडीतून मेथीची एक काडी उचलली. मला वाटलं, जरा जास्तच बोलून गेले.

"आणि तू?" ह्यांनी विचारलं. "तू कधीच कशी हसली नाहीस?"

"माझा सी.आर. तुम्ही लिहीत नव्हतात ना."

आधी ह्यांचे खांदे हलले. मग तोंडातून कुकरच्या शिट्टीसारखा एक चमत्कारिक आवाज आला, आणि हे हसत सुटले. डोळ्यांतून पाणी, हातात मेथीची काडी. हा आवाज मी एवढ्या संसारात कधी ऐकला नव्हता. तो इतका विचित्र होता की मलाही हसू आवरेना, आणि या वेळी आत जावंसं वाटलं नाही.