धुऱ्यावरचा रोशा

आई गेल्यावर बाबांनी दर्यापूरजवळचं आमचं शेत मक्त्यानं देऊन टाकलं आणि ते नुसते ओसरीवर बसून राहू लागले. मी अमरावतीला शिक्षिका. सुटी मिळाली की गावी जायची. अशाच एका सुटीत त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यात काश्मीरमधली जांभळी शेतं होती.

“लव्हेंडर म्हणते याले. आपल्याकडं येईन का बाई हे?”

आई गेल्यापासून त्यांनी स्वतःहून काही विचारलं, ते हे पहिलंच. मी लगेच नर्सरीतून दोन रोपं मागवली. बाबांनी ती अंगणाच्या कडेला लावली आणि ऊन वाढलं तसा त्यांच्यावर तुराट्यांचा छोटा मांडव घातला. रोपं उन्हाळ्यात कशीबशी तगली. पावसाळ्यात मात्र काळ्या मातीत पाणी धरलं आणि मुळं कुजली.

“तुया आईसंगं बोलाव तसा बोलत होतो मी त्यायच्याशी,” बाबा म्हणाले आणि परत ओसरीवर जाऊन बसले.

राखीला आत्या आली. ही बाबांची थोरली बहीण, अकोटच्या वर डोंगराखालच्या गावात राहणारी. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबांनी लव्हेंडरची वाळलेली काडी तिच्या हातात दिली. तिनं ती चोळून हुंगली.

“वास बरा हाये. पण भाऊ, तू काश्मीरले काहून गेला? आपला रोशा काय वाईट होता?”

रोशा हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तिच्या सासरी डोंगरउतारावर हे सुगंधी गवत पुरुषभर वाढायचं. दिवाळीच्या सुमारास तुरे आले की ते कापायचे आणि नाल्याकाठच्या भट्टीवर मोठ्या देगीत पाण्यासोबत उकळायचे. वाफ बांबूच्या नळीतून गार पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरायची. त्यावर तरंगणारं तेल अत्तरवाले घेऊन जायचे, आणि गावातली म्हातारी माणसं थोडं गुडघ्यांना चोळायला मागायची. आत्याचे यजमान त्या भट्टीवर होते. पुढे उतार नांगरले गेले, तिथे कपाशी आली, मग सोयाबीन. भट्ट्या विझल्या आणि ते जिनिंगमध्ये कामाला लागले.

“त्यायच्या सदऱ्याले रोशाचा वास राहे,” आत्या म्हणाली. “किती धुतला तरी जाये नाई. जिनिंगात लागले अन् वास गेला. मले लय दिवस करमलं नाई.”

नवऱ्याबद्दल ती इतकं कधीच बोलली नव्हती. बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आता कुठी हाये काय ते, ताई?”

“नाल्याच्या वरच्या अंगाले असंन. पायलं पायजे.”

दुसऱ्या दिवशी दोघंही एसटीनं गेले आणि संध्याकाळी गोणपाटात गुंडाळलेले रोशाचे ठोंब घेऊन आले. चिखलानं भरलेले पाय धुताना लहान मुलांसारखे हसत होते. ज्यांना शेत दिलं होतं त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, “लावा न बाबा. डुकरं तोंड नाई लावत त्याले.” ठोंब धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, लागले.

पुढच्या वर्षी दिवाळीत तुरे आले. भट्टी कुठली असणार? बाबांनी कुकरमध्ये पाणी आणि कापलेलं गवत भरलं, शिट्टी काढून तिथे तांब्याची नळी बसवली आणि तिचं दुसरं टोक गार पाण्यात ठेवलेल्या बरणीत सोडलं. दुपारपर्यंत बरणीतल्या पाण्यावर तेलाचे बारीक डोळे दिसू लागले. बाबांनी ते कापसानं टिपून आत्याच्या पदराला लावलं.

तिनं पदर नाकाशी धरला आणि डोळे मिटले. 

“हाच,” ती म्हणाली. “हाच व्हय, भाऊ.”

गुढीपाडव्याला बाबांनी शेत परत आपल्याकडे घेतलं. आत्याही आता आमच्याकडेच असते. परवा मी गावी गेले, तर रोशा कधी कापायचा यावरून दोघं धुऱ्यावर भांडत होते.

“थांब न, तुरा लाल होऊ दे जरासा,” आत्या म्हणत होती.

“लाल होयेपर्यंत वारा नेईन त्याचा वास!”

मला पाहून बाबा म्हणाले, “तूच सांग वो हिले.” मी चप्पल कडेला काढली आणि त्यांच्यात जाऊन उभी राहिले.