भोंग्याला न भिणारं पिल्लू

भवानी पेठेत गुरप्पाशेटांचे चादरींचे दुकान होते. सूत एकजात आहे की भेसळीचे, हे ते चादरीचा कोपरा चिमटीत धरून सांगत. रंग पक्का की कच्चा, ते ओले बोट फिरवून ठरवत. मालाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. पण हाच माणूस घरच्या गोष्टीत असा काही गडबडे की, पाहुण्याला चहा विचारावा की ताक, यासाठीसुद्धा माजघरात खेपा घाली. बायको नागव्वा म्हणे, "दुकान बंद करताना अक्कलही आतच ठेवून येता की काय?"

सन तीसच्या आसपासची गोष्ट. धाकटा सिद्धाप्पा अजून नीट बोलतही नव्हता. एके दिवशी दाराशी भाकरी खात बसलेला असताना गल्लीतल्या कुत्र्याने ती त्याच्या हातातून ओढून नेली. दात लागले नाहीत, पण पोराने धसकाच घेतला. कुत्रे दिसले की किंचाळत आईच्या पदरात. पुढे पुढे तर तो उंबरा ओलांडीना. शेजारी म्हणाले, घरात एखादे पिल्लू आणा, त्याच्याबरोबर खेळला की भय जाईल. ते सर्वांना पटले. पण पिल्लू कोणते? चुकीचे निघाले, एकदा जरी गुरगुरले, तरी आहे ते भय जन्माचे बसायचे. गुरप्पांची झोप उडाली.

अक्कलकोट रस्त्याला पडीक रानात धुळा धनगराचा तळ पडला होता. त्याची कुत्री व्यालेली. पिल्ले पांढरी, आखूड पायांची; तोंडे मात्र आईसारखी धनगरी. गिरणीच्या साहेबाच्या बंगल्यावर असाच पांढरा, आखूड पायांचा विलायती कुत्रा होता. गुरप्पांनी तसे नुसते सुचवून पाहिले.

"माजी कुत्री तसली न्हाय, शेट," धुळा फुरंगटला. "मेंढरं सोडून कुटं जात न्हाय ती."

बंगल्यावरचा खानसामा त्याहून तापला. "हमारे साब का कुत्ता फाटक के भार जाताच नै! क्या बाताँ करते, सेठ?"

म्हणजे आईकडचे नाकारतात, बापाकडचे नाकारतात, आणि पिल्ले तर डोळ्यांसमोर लोळताहेत. उभे सूत देशी, आडवे विलायती, अशा कापडाचे काय होते ते गुरप्पांना ठाऊक होते. एक आटते, दुसरे आटत नाही, पहिल्याच धुण्यात चुणी पडते. कुत्र्याचे काय होते, ते कोणाला विचारायचे?

शेवटी सिद्धाला घेऊन ते तळावर गेले आणि त्याला मांडीवर घेऊन उकिडवे बसले. तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला. पिल्ले कुंईकुंई करत आईच्या पोटाखाली शिरली. एक मात्र जागचे हलले नाही. डोळ्यावर तपकिरी डाग असलेले ते पिल्लू सिद्धाच्या पायाचा अंगठा चाटत राहिले. सिद्धाने पाय वर घेतला. मग हळूच पुन्हा खाली सोडला.

"हेच," गुरप्पा म्हणाले.

"भोंग्याला बी भ्यालं न्हाय," धुळा म्हणाला. "लई धीराचं हाय की!"

थोरल्या लेकीने, रत्नम्माने, त्याचे नाव ठिगळ्या ठेवले. ठिगळ्या आणि सिद्धा एका ताटात जेवायचे तेवढे बाकी राहिले. पण घरच्या मोठ्यांनी बोलावले की ठिगळ्या ढिम्म. नागव्वाने कानडीत हाक मारली, "इल्ली बा!" रत्नम्माने मराठीत मारली. शेजारच्या विणकरीण दाक्षायणीबाई तेलुगूत "रा, रा" म्हणून पाहून गेल्या. बापाकडून साहेबी रक्त, म्हणून गुरप्पांनी दार लावून घेऊन "कम हिअर" म्हटले. ठिगळ्या ओसरीच्या फळीवर पाठ करून पडलेला. अन् सिद्धा आला, फळीवर थाप मारली, की हा ताडकन उठून त्याच्यापाशी!

"म्हणजे त्याला कळतं सगळं," नागव्वा म्हणाली. "माज आहे नुसता. उद्या पोराचं बोट तोंडात धरलं, तर सोड म्हणून कुठल्या भाषेत सांगू? परत देऊन या."

सिद्धाने रडून घर डोक्यावर घेतले. गुरप्पा ठिगळ्याला दोरी बांधून निघाले. गिरणीच्या फाटकापाशी येतात तो डोक्यावरच भोंगा झाला. टांग्याचे घोडे बिथरले, गुरप्पांनी कानांत बोटे घातली, पलीकडची कुत्री तोंडे वर करून रडू लागली. ठिगळ्या शांतपणे एक शेणाचा पो हुंगत होता.

गुरप्पांनी त्याच्या मागे टाळी वाजवली. मग ओरडून पाहिले. येणारेजाणारे थांबून बघू लागले. ठिगळ्याने मान वळवली नाही. गुरप्पांचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडे गेला. जन्मभर चादर दोन्ही बाजूंनी पाहणाऱ्या माणसाने हा माल एकाच बाजूने पाहिला होता.

तरी ते तळापर्यंत गेले. धुळा म्हणाला, "भैरं कुत्रं मला काय कामाचं, शेट? लांडगा आला तर झोपून ऱ्हाईल. सोडा हितं, जगलं तर जगंल."

गुरप्पा दोरी धरून रस्त्याकडे चार पावले चालले, तळाकडे तितकीच परत आले, पुन्हा रस्त्याकडे वळले. त्यांनी ठिगळ्याला कुठे नेले, हे त्यांना घराचे दार दिसल्यावरच कळले.

नागव्वाने सगळे ऐकून घेतले. ठिगळ्या जाऊन आपल्या जागी पडला होता. तिने वाकून फळीवर थाप मारली. फळी हादरताच त्याने वळून पाहिले आणि शेपूट हलवली.

"अय्यो! पोराला हे ठाऊक होतं होय," ती म्हणाली. "झोपेत कोणी हात लावायचा नाही. जवळ जाण्याआधी फळीवर पाय आपटायचा, म्हणजे दचकणार नाही. सिद्धाला जमतं. तुम्हाला जमेल?"

पुढच्याच आठवड्यात अक्कलकोटहून नागव्वाचा भाऊ शंकरप्पा आला. ठिगळ्या फळीवर झोपलेला. पाहुणा दारात दिसताच नागव्वाने पाय आपटला, रत्नम्माने आपटला, गुरप्पांनी तर दोन्ही आपटले. शंकरप्पाचा चेहरा पडला. पिशवीसकट तो उलट पावली रस्त्यावर गेला.

"माझं काय चुकलं, दाजी?" तिथूनच त्याने विचारले.

"तुमचं नाही हो," गुरप्पा म्हणाले. "माझं चुकलं की बरोबर झालं, तेच मला अजून कळेना. आत या, बसा, तुम्हीच सांगा. चहा घेणार की ताक?"

शंकरप्पा काही आत येईना. तेव्हा मामाला आणायला ठिगळ्या उठला, आणि त्याच्या मानेवर हात ठेवून सिद्धा उंबऱ्याबाहेर आला.