फोटोपुरती जर्सी

"जर्सी काढ. फोटोपुरती."

जिल्हा संघटनेचे सेक्रेटरी बोलले. तंजावूरच्या कॉलेज मैदानात, सगळ्या गर्दीसमोर. बेसबॉलची आंतरजिल्हा फायनल आम्ही नुकतीच जिंकली होती. पिचर मी. पहिल्यापासून शेवटपर्यंत चेंडू मीच फेकला. खांद्याची आग होत होती.

जर्स्या मोजक्याच. रंगीत टीव्हीचं नवं शोरूम काढलेल्या मुदलाळीनं, म्हणजे मालकानं, दिलेल्या. त्याच्या मुलाला फोटोत उभं राहायचं होतं. तो एकही सामना खेळला नव्हता.

मी काढली. खाली बनियन, काखेत फाटलेलं. पोरी हसल्या. मुलानं ओली जर्सी दोन बोटांत धरली, नाक मुरडलं, घातली. मग मलाच विचारलं, "बॉल कसा धरायचा?"

मी दाखवलं. त्याचं एकेक बोट शिवणीवर बसवून दिलं.

फोटो शोरूमच्या काचेत लागला. माझे वडील, अण्णा, बायकांचे रवके, म्हणजे ब्लाउज, शिवायचे. शेजाऱ्यांना घेऊन मोठ्या हौसेनं फोटो बघायला गेले. परत आले ते मशीनपाशी नुसतेच बसले. घरात आमची मराठी चालते. अण्णा खालच्या आवाजात म्हणाले, "तू कुठं आहेस रे फोटोत? खेळलास ना खरंच?"

बापाला माझ्यावर संशय आला. त्या दिवशी माझे डोळे उघडले.

पुढच्या वर्षी पुन्हा जिंकलो. तेच सेक्रेटरी, तोच मुलगा.

"काढ."

"नाही काढत, सार."

"डेय, शिंप्याच्या पोरा! कपडा कुणी दिला तुला?"

"कपडा त्यांनी दिला. चेंडू मी फेकला."

माझ्या बाजूनं कुणी बोललं नाही. माझे चेंडू झेलणारा आमचा कॅचर, माझा जिवलग, खाली मान घालून बुटाची नाडी बांधत राहिला. मग त्यालाच जर्सी काढायला सांगितली. त्यानं काढली. फोटो झाला. मला वगळून.

रेल्वेच्या संघाची निवड होती. खेळाच्या कोट्यात नोकरी होती. सेक्रेटरींनी माझं नाव पाठवलंच नाही. अण्णा म्हणाले, "जाऊन क्षमा माग, बाळ. एक शब्द तर बोलायचा."

तो एक शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. अण्णा माझ्याकडं पाठ करून मशीन चालवायला लागले.

जिल्हा संघाच्या निवडीचा दिवस आला. सगळ्यांची नावं पुकारली. माझं नाही. मी चेंडू उचलला आणि माउंडवर, पिचरच्या उंचवट्यावर, जाऊन उभा राहिलो.

सेक्रेटरी ओरडले, "खाली उतर! पोलीस बोलावीन!"

"बोलवा, सार."

समोरच्या बॅटरनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग बॅट उचलली. मी फेकला. चेंडू त्याच्या बॅटखालून निघून गेला. तेवढ्यात दोघांनी माझे दंड धरले आणि मला फाटकाबाहेर ढकललं.

दरवर्षी ही निवड होते. दरवर्षी मी जातो. जाणारच. मला हाकलायचं असेल तर त्यांनी ते दरवर्षी करावं, भर मैदानात, सगळ्यांच्या देखत.