शेंदराचा मान

माझी मोठी जाऊ मला कधीच आवडली नाही, आणि आता म्हातारपणी खोटं कशाला बोलू? इंग्रजांच्या राज्यातली गोष्ट. वाटणीत आमच्या दोन्ही घरांना शेजारशेजारच्या बोड्या आल्या. धानाला पाणी पुरवणारी ही लहानशी तळी, मध्ये एकच पाळ. पण मातामायचा मान तिच्या बोडीला! दरवर्षी चैत्राआधी देवीच्या अंगावरचा जुना शेंदूर खरवडायचा, ते टोपलीभर पोपडे वाजतगाजत न्यायचे आणि तिच्या पाण्यात शिरवायचे. त्यानं मासोळीला बरकत येते अशी गावाची समजूत. बायका तिची ओटी भरायच्या आणि मी पाळीवर उभी राहून जळायचे.

नवऱ्यामागे भुणभुण लावून, त्याला गावच्या बैठकीत बोलायला लावून शेवटी तो मान मी आमच्या बोडीला आणला. जाऊ एका शब्दानं भांडली नाही. तेही मला झोंबलंच. तिच्याहून थाट जास्त दिसावा म्हणून सौंदडहून रेल्वेनं गोंदियाला जाऊन मी नवा शेंदूर आणला. दुकानदार छाती फुगवून म्हणाला, "असली माल है बाई, सीसा जलाके बनता है." खरवडलेल्या शेंदराबरोबर तोही मी पाण्यात ओतला.

पुढे माझ्या मरळी वर येऊन आडव्या तरंगू लागल्या. कल्ल्यांवर चिकट थर. पोटात गाभोळी घेऊनच माद्या मेल्या. पावसाळ्यात मरळीची पिल्लं झुंडीनं वर येतात, त्यांचा पत्ताच नाही. तेव्हा मला दुकानदार आठवला. जाळं बुडावं म्हणून आपण शिसं बांधतो, तेच मी माशांना चारत होते.

नाक मुठीत धरून पाळीवर गेले. म्हटलं, "बाई, तुमचा मान तुमी परत घ्या."

"कायले?" जाऊ म्हणाली. "माया बोडीत बी मासे असेच मरून रायले होते. तू मान मागून रायली होतीस, मंग मी काऊन बोलू?"

तिच्या पाण्यात मरळीच्या पिल्लांची झुंड फिरत होती, अगदी शेंदराच्या रंगाची. मानासाठीही माझा इतका जळफळाट झाला नव्हता. पाळीच्या अलीकडे, माझ्या बोडीच्या काठालाही तोच रंग होता. त्यात काहीच हलत नव्हतं.