कुत्र्यांचा वाटा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या सरांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. म्हणजे, एखादं भाषण ऐकलं असेल कदाचित. पण ती काय ओळख झाली?

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपूरहून चंद्रपूर, तिथून गडचिरोलीच्या जंगलात मी रानकुत्र्यांचा अभ्यास करायला गेलो. वाघामागे सगळेच लागतात. मी कुत्र्यांमागे लागलो, आणि त्याचाच केवढा तोरा! कळप काय मारतो, किती खातो, आधी कोण खातं, हे पाहायला दिवस दिवस झाडावर बसून असायचो. अंगावर मुंग्या, घशाला कोरड, पण खुशीत होतो.

अडचण एकच. माणसं.

त्या गावांत जुनी रीत होती. रानकुत्र्यांनी सांबर पाडलं की लोक जायचे, कुत्र्यांना हाकलून मांस कापून घ्यायचे. सगळं नाही न्यायचे. डोकं, आतडी आणि एक तंगडी कुत्र्यांसाठी ठेवायचे. शिकार त्यांची, मग त्यांना उपाशी कसं ठेवायचं? आज हीच रीत मी भाषणांत रंगवून सांगतो आणि लोक टाळ्या वाजवतात. तेव्हा मात्र माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अर्धं सांबर कुणाच्या तरी चुलीवर गेलं, तर कळप किती खातो हे मी मोजायचं कसं?

लालसू त्यांतल्याच एका गावचा. त्याच्या अंगणात माझी खाट होती आणि त्याच्या घरची आंबील पिऊन मी तो उन्हाळा काढत होतो.

मोहफुलांचे दिवस होते. सकाळी कळपाने नाल्यात, माझ्या झाडाखालीच, सांबर पाडलं. थोड्या वेळाने मोहफुलं वेचायला निघालेला लालसू तिकडून आला. कुत्रे हाकलले, कुऱ्हाडीने आपला वाटा काढला, कुत्र्यांचा ठेवला आणि निघाला. गाडीवाटेवर वनखात्याची जीप आडवी आली. हातात रक्ताळलेली कुऱ्हाड, टोपलीत मांस, म्हणजे शिकारीचा गुन्हा. गलका ऐकून मी झाडावरून उतरलो आणि तिथे गेलो.

लालसू मुळीच घाबरलेला नव्हता. मला पाहून उलट खुलला. "या सायबाले इचारा," तो म्हणाला, "थे झाडावरच होते."

अधिकारी तरुण होता, सज्जन होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, कुत्र्यांनी मारलं असेल तर तसं सांगा. मांस टाकायला लावतो आणि सोडून देतो. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मला अभ्यासाचा परवाना जाण्याची भीती होती, माझ्यावर दबाव होता. कसली भीती आणि कसला दबाव? एक वाक्य तर बोलायचं होतं.

मी म्हणालो, मी उशिरा पोचलो. मारताना पाहिलं नाही.

का? धडा मिळावा म्हणून. एकाला नेलं की बाकीचे माझ्या कुत्र्यांच्या वाटेला जाणार नाहीत, म्हणून. हे मागाहून सुचलेलं नाही. तोंड उघडायच्या आधीच मनात आलं होतं.

लालसूला वाटलं, मला प्रश्नच कळला नाही. जीपमध्ये चढता चढता तो मोठ्याने म्हणाला, "सायब, कुत्र्यायनं मारलं म्हना नं!" लहान मुलाला विसरलेला शब्द सुचवावा तसा. मी दुर्बिणीची काच पुसत राहिलो.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको, रैनीबाई, माझ्या खाटेपाशी आली. "तुमी खरंच नाई पायलं?" मी नाही म्हणालो. "मंग राहू द्या," म्हणाली, आणि रोजच्यासारखा आंबिलीने भरलेला भोपळ्याचा तुंबा ठेवून गेली. मी ती आंबील प्यालो.

जामीन राहायला कुणी नव्हतं. धानाची रोवणी निघून गेली, शेत तसंच पडलं, तरी लालसू तुरुंगातच. परतला तो खोकत. पुढचा उन्हाळा त्याने पाहिला नाही.

आणि माझं काम? गावातलं कुणी पुन्हा कुत्र्यांच्या शिकारीकडे फिरकलं नाही. त्या निरीक्षणांवर मला पदवी मिळाली, नाव मिळालं, पुढे जे जे मिळालं ते सगळं त्यांच्यावरच. माणसांचा अडथळा आपोआप कमी झाला, असं मी प्रबंधात लिहिलं. आपोआप!

अजून एक राहिलंय. खरं तर तेवढं सांगायलाच इतका फेरा घातला. मांसाला हात लावण्याआधी लालसूने मान वर करून मला विचारलं होतं — घेऊ काय, सायब? आणि मी — मनातल्या मनात चडफडत — हसून मान डोलावली होती.

सांबर कुत्र्यांनी मारलं. मी पाहत होतो. लालसूला हो मीच म्हटलं होतं.